कांजिण्यांनी केलेला घोळ: ‘होम अलोन ३’ या सिक्वेलचं प्रकरण

डिसेंबर १९९७ मधल्या दुसऱ्या शुक्रवारी, म्हणजे १२ तारखेला, अमेरिकेत दोन सिक्वेल एकाच दिवशी लागले. एक ‘स्क्रीम २’, रक्ताने माखलेला. दुसरा ‘होम अलोन ३’, मुलाबाळांना घेऊन बघायचा. पहिल्याने तीन दिवसांत जवळपास ३ कोटी ३० लाख डॉलरचा गल्ला जमवला. दुसऱ्याला तेवढे पैसे अमेरिकेतल्या अख्ख्या मुक्कामातही जमले नाहीत. तो ३ कोटी ९ लाखांच्या आसपास थांबला. पुढच्या शुक्रवारी ‘टायटॅनिक’ आला, आणि मग बाकीच्यांची चौकशी करायलाही कुणी उरलं नाही.

या सिनेमाचा विषय निघाला की निदान तयार असतं. पहिल्या दोन भागांतला बालनट मॅकॉले कल्किन नव्हता, म्हणून पडला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आमच्या घरी केबलवर हा सिनेमा लागायचा तेव्हा माझा मावसभाऊ पहिल्या पाच मिनिटांत “हा तो पोरगा नाहीये” असं जाहीर करून उठून जायचा. मी बसून राहायचो, कारण मला रिमोटची गाडी आवडायची. पुढे पटकथा कशी बांधतात हे समजून घ्यायला लागलो तेव्हा तोच सिनेमा पुन्हा काढून पाहिला, आणि मावसभावाचं निदान मला पटेनासं झालं. हिरो बदलला हे खरं, पण दुखणं तिथे नाही. दुखणं पटकथेत फार हुशारीने घातलेल्या एका गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट म्हणजे पोराला झालेल्या कांजिण्या.

हातात काय होतं

आधी हिशेब. पहिला ‘होम अलोन’ १९९० च्या नोव्हेंबरात आला. पॅरिसला निघालेलं कुटुंब केव्हिन या लहान पोराला चुकून घरीच विसरतं, आणि तो घरभर सापळे लावून दोन चोरांना कुटतो, अशी त्याची गोष्ट. वॉर्नर ब्रदर्सने बजेटवरून हात काढून घेतलेला हा सिनेमा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने उचलला होता. खर्च सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर, जगभरची कमाई सुमारे ४७ कोटी ६० लाख. अमेरिकेत तो सलग बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. लेखक आणि निर्माता जॉन ह्यूज, दिग्दर्शक क्रिस कोलंबस, संगीत जॉन विल्यम्सचं. १९९२ मध्ये दुसरा भाग आला. तीच मंडळी, तेच दोन चोर, फक्त शिकागोच्या उपनगराऐवजी न्यूयॉर्क. खर्च २ कोटी ८० लाखांवर गेला, कमाई सुमारे ३५ कोटी ९० लाखांवर आली. उतार लागला होता, पण अशा उताराची तक्रार कोण करतो!

त्यानंतर पंचाईत झाली. मूल मोठं होतं. कल्किनचा जन्म १९८० चा. १९९४ नंतर त्याने काम थांबवलं, आणि १९९७ साली तो सतरा वर्षांचा होता. सतरा वर्षांचा मुलगा घरी एकटा राहिला तर त्यात गोष्ट कसली? आई-बापांना चिंता वाटेल, ती वेगळ्याच कारणासाठी. तेव्हा स्टुडिओच्या हातात एक नाव होतं, ते नाव ऐकून तिकीट काढणारी घरं होती, आणि त्या नावाचा चेहरा नव्हता.

अशा वेळी तीन वाटा असतात. नाव गुंडाळून ठेवायचं. जुन्याच पात्राचं नाव नव्या पोराला द्यायचं आणि प्रेक्षक काणाडोळा करतील अशी आशा धरायची. नाहीतर सगळं नवं घ्यायचं: नवा पोरगा, नवं कुटुंब, नवे चोर, आणि ठेवायचा तो फक्त साचा. फॉक्सने तिसरी वाट धरली. तिघींत ती सर्वांत सचोटीची होती असं मी म्हणेन.

पडद्यावरची माणसं बदलली, पडद्यामागची फारशी नाही. पटकथा पुन्हा ह्यूजचीच. छायाचित्रण तिन्ही सिनेमांत हूलिओ मकाटचं. दिग्दर्शनाला घेतला तो राजा गॉस्नेल. नाव वाचून आपल्याकडचा कुणी वाटेल, पण हा लॉस एंजेलिसचा माणूस. त्याने पहिल्या दोन्ही ‘होम अलोन’चं संकलन केलं होतं आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच सिनेमा. कुठल्या चोराच्या डोक्यावर काय पडल्यावर कितव्या फ्रेमला कापायचं, हे ज्याच्या हाताला ठाऊक, त्याच्याच हातात गाडी दिली. घराणं तेच, गवई वेगळा. म्हणूनच हे प्रकरण अभ्यासाला बरं पडतं. कारागीर बहुतेक जुनेच आणि साचाही तोच असताना निकाल बदलला, तर नेमकं काय निसटलं हे शोधणं सोपं जातं.

गोष्ट

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर चार आंतरराष्ट्रीय हेर एक मायक्रोचिप पळवून नेत असतात. क्षेपणास्त्र रडारला दिसू नये यासाठीची ही चिप, किंमत १ कोटी डॉलर, आणि ती जायची असते उत्तर कोरियातल्या एका दहशतवादी टोळीकडे. सुरक्षा तपासणीत सापडू नये म्हणून त्यांनी ती रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडीत लपवलेली. तिथे पिशव्यांची अदलाबदल होते. गाडीची पिशवी जाते मिसेस हेस नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडे आणि हेरांच्या हाती येतो त्यांचा पाव. बाई विमानाने शिकागोला पोचतात. शेजारचा आठ वर्षांचा अ‍ॅलेक्स प्रुइट त्यांच्या दारातला बर्फ उपसून देतो, तर त्या मजुरी म्हणून ही नको असलेली गाडी त्याच्या हातावर टेकवतात. अ‍ॅलेक्स घरी येऊन कपडे उतरवतो आणि बघतो तर अंगभर फोड.

शाळा बंद. बाबा कामासाठी परगावी, भावंडं शाळेत, आईला ऑफिसचं निकडीचं काम. पोरगा दिवसा घरी एकटा, हाताशी दुर्बीण. हेर म्हातारीचा माग काढत गल्लीपर्यंत पोचतात, पण घर कुठलं ते त्यांना ठाऊक नसतं, म्हणून भरदिवसा एकेक घर उघडून पाहतात. अ‍ॅलेक्सला दुर्बिणीतून ते दिसतात. तो पोलिसांना फोन करतो. पोलीस येईपर्यंत घर रिकामं आणि जागच्या जागी. पुन्हा दिसतात, पुन्हा फोन, पुन्हा काही नाही. आता घरचे चिडतात. मग तो त्या गाडीवर कॅमेरा बांधून तिला चोरांच्या मागावर सोडतो. हेर गाडीच्या मागे धावतात. गाडी कशीबशी परत येते, पण टेप त्यांच्या हाती जाते. या एवढ्याशा खेळण्यामागे मोठी माणसं का लागलीत, म्हणून तो गाडी उघडतो. आत चिप. तो हवाई दलाच्या स्थानिक भरती कार्यालयाला फोन करून ही माहिती योग्य माणसांपर्यंत पोचवा असं सांगतो. तिकडे हेरांनाही कळतं की आपल्यावर कोण नजर ठेवून होतं. बर्फाचं वादळ येतं, रस्ते बंद होतात, आणि पोरगा घर सजवायला घेतो.

पुढचं ठरलेलं. छतावरून येणारं लॉन कापायचं यंत्र. तळ काढून ठेवलेली सामानाची छोटी लिफ्ट, ज्यातून टोळीतली बाई थेट तळघरात. खाली ट्रॅम्पोलीन दिसलं म्हणून वरून उडी मारणारे दोघं, आणि ते ट्रॅम्पोलीन खालच्या गोठलेल्या तरणतलावासकट फोडून गार पाण्यात. मदतीला एक पाळीव उंदीर आणि भावाचा तोंडाळ पोपट.

चोख पटकथेची अडचण

आता ही गोष्ट कागदावर ठेवून तपासा. पोरगा एकटा का? कांजिण्या. पोलीस का येत नाहीत? दोनदा येऊन गेले, आता विश्वास नाही. चोर याच गल्लीत का? पिशवी बदलली. घर का सोडत नाहीत? १ कोटीची चिप. आई वेळेवर का पोचत नाही? वादळ. एकही खिळा सैल नाही. पहिल्या सिनेमाशी तुलना केली तर हे काम उजवंच आहे. तिथे वीज जाऊन गजर बंद पडतो, शेजारचं पोर चुकून मोजणीत धरलं जातं, सांडलेल्या दुधाबरोबर विमानाचं तिकीट कचऱ्यात जातं, फोनच्या तारा तुटतात. इतके योगायोग ओळीने मांडले की कुणीही मास्तर लाल पेन उचलेल.

पण त्या सगळ्या योगायोगांच्या आधी तिथे एक वाक्य आहे. भांडणानंतर माळ्यावर पाठवलेला केव्हिन म्हणतो की माझ्या घरचे सगळे नाहीसे व्हावेत. सकाळी उठतो तर खरोखर कुणी नाही. त्याच्या मते हे त्यानेच केलंय. आधी आनंद, मग आइस्क्रीम, मग रात्र, मग तळघरातल्या भट्टीची भीती, आणि हळूहळू उमगत जाणारी एक गोष्ट: मी हे मागितलं होतं. चोर आत येतात ते या पोराच्या डोक्यात आधीच चाललेल्या झगड्यात. तो घर राखतो, कारण घरच्यांना हाकलल्याचं पाप त्याला घर राखून फेडायचं आहे. सापळे शेवटच्या भागात येतात, आणि तोवर आपण त्या पोराच्या बाजूने इतके गुंतलेले असतो की रंगाचा डबा चोराच्या तोंडावर बसतो तेव्हा हसू नुसतं डब्याचं येत नाही.

कांजिण्या झालेल्या मुलाने काय मागितलेलं असतं? काही नाही. फोड आपोआप येतात. त्यात ना इच्छा, ना अपराध, ना पश्चात्ताप. ह्यूजने ‘मूल एकटं कसं’ या प्रश्नाला निर्दोष उत्तर शोधलं, आणि ते खरोखरच निर्दोष निघालं: त्यात कुणाचाच दोष नाही. आईचा नाही, मुलाचा नाही. गोष्टीचं इंजिन त्या दोषावर चालत होतं.

आई हा दुसरा तोटा. पहिल्या ‘होम अलोन’मध्ये खरं तर दोन सिनेमे आहेत. एक पोराचा आणि एक आईचा. कॅथरिन ओ’हारा पॅरिसहून उलट फिरते, तिकिटासाठी विमानतळावर अंगावरचे दागिने देऊ करते, आणि शेवटी पोल्का वाजवणाऱ्या बँडच्या भाड्याच्या गाडीत बसून घरी येते. मोठी माणसं थिएटरात बसून राहिली ती या धाग्यासाठी. लहानांनी सापळे पाहिले, मोठ्यांनी स्वतःचं पोर मागे राहिल्याची धास्ती. तिसऱ्या भागात आई ऑफिसात आहे, फोन केला की बोलेल इतक्या अंतरावर. तिचा प्रवासच उरत नाही. हॅविलंड मॉरिसने ती भूमिका नीट केली आहे, पण तिला करायला दिलंय काय? काळजीचा चेहरा आणि दार.

इथे मराठी प्रेक्षकाला एक वेगळाच खडा लागतो. आपल्याकडे कांजिण्या आल्या की घरात उलट गर्दी वाढते. अंथरुणात कडुलिंबाचा पाला, पाल्याच्या पाण्याने अंघोळ, काही घरांत फोडणीसुद्धा बंद, आणि उशाशी आजी. अंगावर फोड असलेलं पोर घरात ठेवून आई ऑफिसला जाते, हे माझ्या आईला त्या चिपपेक्षा जास्त अविश्वसनीय वाटलं होतं. तिच्या मते हेर-बिर ठीक आहे, पण शेजारीण तरी येऊन बसेल की नाही? अमेरिकेतही हा आजार तेव्हा बालपणातून निघून जायच्या बेतात होता. तिथे कांजिण्यांच्या लशीला १९९५ च्या मार्चमध्येच मंजुरी मिळाली होती. काही वर्षं उशीर झाला असता तर ह्यूजला पोराच्या पायाला प्लॅस्टर घालावं लागलं असतं.

चार चोर, आणि तेही हुशार

दुसरी गोष्ट चोरांची. पहिल्या दोन भागांतले हॅरी आणि मार्व्ह हे भुरटे. जो पेशीचा हॅरी स्वतःला डोकेबाज समजतो, आणि डॅनिएल स्टर्नचा मार्व्ह जाताना प्रत्येक घरातले नळ उघडे ठेवून जातो, का, तर आपल्या टोळीची खूण राहावी म्हणून. एकाला घमेंड, दुसऱ्याला पोरकटपणा. सापळा त्यांच्या त्या-त्या खोडीवर बसतो. तापवलेली दाराची मूठ हॅरीच पकडणार, कारण पुढे होऊन दार उघडायचा मान त्याला हवा असतो. विनोदात मार लागणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी देणं लागतं. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने हसू येत नाही.

तिसऱ्या भागात चार जण आहेत. ओलेक क्रुपाचा बोप्रे हा म्होरक्या, त्याच्यासोबत अ‍ॅलिस, जर्निगन आणि अंगर. सगळे व्यावसायिक. गंभीर चेहऱ्याने विमानतळ गुंगवणारे. पटकथेला ते धोकादायक हवे आहेत, कारण दावा १ कोटीचा आहे. ते म्हाताऱ्या मिसेस हेसना त्यांच्याच उघड्या गॅरेजमध्ये, कडाक्याच्या थंडीत खुर्चीला बांधून ठेवतात, हे पाहताना हसू येत नाही, येऊही नये. आणि हीच माणसं अ‍ॅलेक्सच्या अंगणात पाऊल टाकताच एका मिनिटात बावळट होतात. जगभरच्या तपास यंत्रणांना चुकवणारा माणूस खाली ट्रॅम्पोलीन दिसतंय म्हणून खुशाल उडी मारतो. भुरटा चोर मूर्ख असला तर तो मूर्ख असतो. हेर अचानक मूर्ख झाला तर मूर्खपणा लेखकाच्या खात्यावर जमा होतो.

शिवाय चार म्हणजे मार चौघांत वाटला गेला. सापळ्याच्या विनोदाला वेळ लागतो: वस्तू दिसते, तिचं काय होणार हे कळत नाही, चोर जवळ येतो, आपण एक अंदाज बांधतो, तो चुकतो, आणि मग दणका. दोन चोर असताना कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर थांबू शकतो. चौघांत तो सारखा धावत राहतो. गॉस्नेलचं संकलकाचं कसब इथे उलटं पडलंय असं मला वाटतं. प्रत्येक दणका वेळेवर बसतो, आणि एकही लक्षात राहत नाही.

ह्यूजचा त्या काळातला कल पाहिला तर चोरांची ही संख्या वाढत का गेली ते थोडं कळतं. १९९४ चं ‘बेबीज डे आउट’, १९९६ चं ‘१०१ डालमेशियन्स’, दोन्ही त्याच्या पटकथा, दोन्हींत एका निरागस जिवामागे धावणारे आणि वाटेत कुटले जाणारे भामटे. ‘बेबीज डे आउट’ अमेरिकेत आपटला आणि भारतात मात्र घराघरांत पोचला. १९९५ मध्ये तेलुगूत त्यावरून ‘सिसिंद्री’ आला, आणि त्यात नागार्जुनचा तान्हा मुलगा अखिल होता. आपल्याकडच्या कित्येक मुलांनी ‘होम अलोन’च्या आधी ते रांगणारं बाळ पाहिलेलं असतं. तिथे बाळाला काही कळतच नाही, त्यामुळे त्याने काही मागितलंय का, हा प्रश्नच उठत नाही. तो साचा वेगळा. ह्यूजने दोन साच्यांची सरमिसळ केली आणि आठ वर्षांच्या मुलाला जवळजवळ त्या बाळाइतकंच निष्पाप करून टाकलं.

जे खरोखर चांगलं आहे

एवढं बोलून झाल्यावर उलट बाजूही मांडायला हवी, कारण मी हा सिनेमा आजही लावतो. रॉजर ईबर्ट या अमेरिकेतल्या सर्वांत वजनदार समीक्षकाने पहिल्या ‘होम अलोन’ला चारपैकी अडीच तारे दिले होते, दुसऱ्याला दोन, आणि या तिसऱ्याला तीन. तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण त्याला काहीतरी दिसलं होतं.

माझ्या मते ते मधल्या अर्ध्या तासात आहे. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पोरगा खोटं बोलतो, मग खरं बोलतो, तेव्हा कुणी येत नाही. इथे तीच गोष्ट उलटी केली आहे. पोरगा पहिल्यापासून खरं बोलतोय. लांडगा खरोखर आलाय. पण लांडगा इतका सराईत आहे की माणसं येईपर्यंत पायाचे ठसेसुद्धा शिल्लक ठेवत नाही. पोलीस, आई, भावंडं सगळे त्याच्याकडे एकाच नजरेने बघतात. घरात माणसं असूनही पोरगा एकटा पडतो, तो इथे. मोठ्यांनी न ऐकल्याचा हा एकटेपणा पहिल्या सिनेमातही होता, पण तिथे तो सुरुवातीची सबब होती. इथे तो गोष्टीचा कणा होऊ शकला असता. ‘एकट्या’चा असा नवा अर्थ लावणारा सिनेमा या पटकथेच्या आत दडून बसलेला आहे. लेखकाला तो सापडला, त्याने अर्धा तास तो हातात धरला, आणि मग वादळ आणून सापळ्यांकडे वळला, कारण तिकीट सापळ्यांचं होतं.

रिमोटच्या गाडीचा पाठलाग हाही त्याच मधल्या भागातला. कॅमेरा जमिनीलगत, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मागून मोठ्या माणसांचे बूट. इथे आपण मुलाच्या उंचीवरून, खरं तर खेळण्याच्या उंचीवरून जग बघतो. सापळ्यांपैकी एकही दृश्य या पाठलागाच्या जवळ येत नाही.

अ‍ॅलेक्स डी. लिंझ हा मुलगा त्याआधी ‘वन फाइन डे’मध्ये मिशेल फायफरच्या मुलाच्या भूमिकेत दिसला होता. त्याच्यात कल्किनचा आगाऊपणा नाही, आणि त्याने तो आणायचा प्रयत्नही केलेला नाही. तो विचार करणारा मुलगा वाटतो, थोडा एकलकोंडा. त्याला कल्किनची नक्कल करायला लावली नाही ही दिग्दर्शकाची समज. आता लोक हा सिनेमा लावतात ते मात्र त्याच्या चिडक्या बहिणीसाठी. तेव्हा तेरा वर्षांची असलेली ती मुलगी म्हणजे स्कार्लेट जोहान्सन.

मेरियन सेल्डिसने केलेल्या मिसेस हेसबद्दलही एक ओळ हवी. या तिन्ही सिनेमांत एक म्हातारं, लोकांना नकोसं झालेलं माणूस असतं: पहिल्यात फावडेवाला मार्ली, दुसऱ्यात कबुतरांची बाई, तिसऱ्यात ही खाष्ट शेजारीण. मार्ली आणि कबुतरांची बाई मुलाला वाचवतात. इथे पोरगा म्हातारीला वाचवायला जातो. उघड्या गॅरेजमध्ये बोप्रे आणि तो समोरासमोर येतात, आणि अ‍ॅलेक्स त्याच्यावर पिस्तूल रोखतो. बोप्रे पळतो. पिस्तूल साबणाचे फुगे सोडणारं असतं. मार्लीच्या दृश्यांइतकं खोल नसलं तरी चोर आणि पोर यांच्यातला इतका साधा, इतका नेटका डाव या सिनेमात दुसरा नाही.

पुढचे प्रयोग

जगभरची कमाई सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलर, खर्च ३ कोटी २० लाख. साधारण निम्मा गल्ला थिएटरवाल्यांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा, हे धरलं तर हाती फारसं लागलं नसणार. या नावाचा थिएटरात लागलेला हा शेवटचा सिनेमा.

२००२ मध्ये एबीसी वाहिनीसाठी चौथा केला तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली. केव्हिन हे नाव परत, मार्व्ह परत, आणि करणारे सगळे दुसरेच. शिकागोच्या पोराचा हा सिनेमा दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला चित्रित झाला. तो पाहिल्यावर तिसऱ्या भागाविषयीची आपली तक्रार आपोआप खाली येते. २०१२ मध्ये टीव्हीवरच पाचवा आला, त्यावर वेळ घालवण्यासारखं काही नाही. फॉक्स डिस्नेकडे गेल्यावर २०२१ मध्ये आलेला सहावा निदान विचित्र तरी आहे. तिथे घरात शिरणारं जोडपं पैशाच्या अडचणीत आहे, एक मौल्यवान बाहुली पोराने नेली असा त्यांचा समज आहे, आणि सिनेमाचा जीव त्यांच्यातच जास्त आहे. म्हणजे तिसऱ्यात चोर इतके दुष्ट की हसू येईना, आणि सहाव्यात इतके भले की मारावंसं वाटेना.

तिसऱ्याच्या शेवटी एक गंमत आहे. भरती कार्यालयाकडून निरोप गेल्यावर एफबीआयची माणसं पोचतात आणि तिघं पकडले जातात. बोप्रे मात्र अंगणातल्या बर्फाच्या किल्ल्यात दडून बसतो. आत फटाके लावलेले. पोपट खेळण्यातल्या गाडीतून आत येतो आणि काडी लावायची धमकी देतो. बोप्रे त्याला एक बिस्किट देऊ करतो. पोपट दोन मागतो. बोप्रेकडे एकच असतं.

नंतर पोलीस ठाण्यात चौघांचे फोटो काढले जातात, आणि चौघांच्याही तोंडावर कांजिण्या. पोराने लावलेल्या सगळ्या सापळ्यांपेक्षा हा न लावलेला सापळा सरस, आणि मला तो प्रत्येक वेळी हसवतो. फक्त कांजिण्यांची लागण झाल्यापासून फोड दिसायला दहा ते एकवीस दिवस लागतात, आणि चोर त्या घरात शिरले होते त्याच दुपारी. तेव्हा एक तर शिकागोच्या पोलिसांनी फोटो काढायला दोन आठवडे घेतले असणार, नाहीतर त्या चौघांना त्या विमानतळावर आणखी कुणीतरी भेटलं होतं.